भाषा बुडत नाही, बुडविली जाते

समुद्राने बेटे गिळली की तेथील भाषाही लोपतात, असे सांगून हळहळण्याची आता प्रथाच पडली आहे. हे अर्धसत्य आहे. भाषा पाण्याने मरत नाही; ती बोलणारा समाज विखुरला गेल्याने मरते. आणि समाज विखुरावा की एकत्र राहावा, हे निसर्ग ठरवीत नाही, राज्यकर्ते ठरवितात.

प्रशांत महासागरातील तुवालूचे उदाहरण घ्यावे. सुमारे ११,००० वस्तीच्या या राष्ट्रात सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून पाच मीटर वर नाही. २०२३ साली ऑस्ट्रेलियाने त्याच्याशी ‘फालेपिली’ करार केला. तो २०२४ मध्ये अंमलात आला. तुवालूच्या भाषेत फालेपिली म्हणजे शेजारधर्म. या शेजारधर्मानुसार वर्षाला २८० जणांना ऑस्ट्रेलियात वसण्याचा परवाना मिळतो, तोही सोडतीने. उलट तुवालूला अन्य राष्ट्राशी संरक्षणविषयक करार करावयाचा, तर ऑस्ट्रेलियाची संमती घ्यावी लागते. कोळशाच्या निर्यातीत जगात अग्रभागी असलेल्या देशाने बुडत्या शेजाऱ्याकडून सार्वभौमत्वाचे असे गहाणखत लिहून घ्यावे आणि त्यावर त्याच्याच भाषेतला शब्द मिरवावा, यापरती विटंबना कोणती?

स्थलांतर करणे हा व्यक्तीचा हक्क आहे, असे उदारमतवादी म्हणतील. तो मान्यच आहे. परंतु सोडतीत माणसे निवडली जातात, गावे नव्हेत. कुटुंबे निरनिराळ्या शहरांत पांगली, शाळा आणि कारखाना दोन्ही इंग्रजीत चालू लागले, की घरची भाषा हळूहळू आजीपुरती उरते. मग तिची ध्वनिमुद्रणे संग्रहालयात ठेवणे म्हणजे जतन नव्हे. ते मृत्यूची नोंद करणे होय.

पनामातील गुना आदिवासींचा मार्ग वेगळा आहे. गार्डी सुगडुब बेटावरील सुमारे ३०० कुटुंबांसाठी २०२४ साली मुख्य भूमीवर वसाहत उभी राहिली, ती एकाच ठिकाणी आणि गुनांच्याच स्वायत्त प्रदेशात. ही स्वायत्तता कोणी दान दिलेली नाही. पोशाख व चालीरीती सक्तीने मोडू पाहणाऱ्या सरकारविरुद्ध १९२५ साली गुनांनी जे बंड केले, त्यातून ती उभी राहिली.

तात्पर्य, भाषारक्षणाचा प्रश्न कोशकारांवर सोपवून चालणार नाही. गावाचे एकत्र पुनर्वसन, सामूहिक मालकीची जमीन, मातृभाषेची शाळा या मागण्या पुढे रेटल्या पाहिजेत; आणि त्यांचा खर्च धूर ओकून श्रीमंत झालेल्या देशांनी द्यावयाचा आहे, मदत म्हणून नव्हे, नुकसानभरपाई म्हणून.