डाव्या हाताने खेळ!

वाड्यातल्या क्रिकेटमध्ये आम्हां मुलांचा एक कायदा होता. जो गडी फारच दांडगा, त्याने डाव्या हाताने खेळायचे. भांडणे होत ती या कायद्यावरून नव्हे, तर तो डावाआधी ठरला की त्या गड्याने तीन चौकार मारल्यावर, यावरून!

हे आठवायचे कारण आमचा भाचा. तो जर्मनीत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी हौशी मोटार-शर्यतींत आपली जुनी डिझेल गाडी पळवतो. फराळ पोचल्याचे सांगायला परवा त्याचा फोन आला. चकलीचे कौतुक दोन वाक्यांत आटोपून स्वारी तक्रारीवर आली.

"मामा, मी दोन शर्यती जिंकलो आणि ऐन हंगामात क्लबाने माझ्या गाडीत चाळीस किलो शिसे ठेवायला लावले. का, तर म्हणे डिझेलला फायदा मिळतो!"

"मिळतो का?"

तो क्षणभर गप्प राहिला. "मिळतो," म्हणाला.

प्रामाणिक पोर! लिटरमागे डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा दहा टक्क्यांहून थोडी अधिकच ऊर्जा असते, आणि डिझेलचे इंजिन ती वापरतेही काटकसरीने. लांबच्या शर्यतीत इंधनासाठी थांबे कमी पडतात. १९९८ साली जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाडीने जिंकली. २००६ साली फ्रान्समधल्या ल मां येथे ऑडीच्या डिझेल गाडीने तोच पराक्रम केला. तेव्हा पेट्रोलवाल्यांची कुरकूर अगदीच खोटी नव्हे.

पण त्यावर शिसे हा उतारा बरोबर बसतो का? वजन नडते ते वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळणावर. इंधनाच्या थांब्यावर ते नडत नाही. भाच्याच्या शर्यती पंधरा-वीस मिनिटांच्या. तिथे थांबाच नाही. शिवाय जबर दाब सोसायचा म्हणून डिझेलचे इंजिन मुळातच जड. रोग एका जागी आणि लेप दुसऱ्या जागी, असा हा प्रकार!

ल मांच्या बड्या कारखान्यांच्या गाड्यांसाठी २०१४ साली निराळी तोड काढली गेली. एका फेरीत इंधनाची ऊर्जा किती खर्चायची, यालाच मर्यादा घातली. न्याय नेमका खरा. पण त्याला लागणारी मापनयंत्रे पदरमोड करून गाडी पळवणाऱ्या हौशी मंडळींना कुठली परवडायला? त्यांच्यापाशी एक वजनकाटा आणि शिशाच्या लाद्या. त्यांनी वजनाचा नियम केला, यात त्यांचा दोष नाही.

दोष आहे तो वेळेचा. निम्म्या उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर आम्ही गुणांची वाटणी बदलली, तर विद्यार्थी आम्हांला वर्गात पाऊल ठेवू देतील काय? निकाल पाहून घातलेल्या शिशाला काय कळणार, की जिंकले ते डिझेल की ते चालवणारे हात? हंगामापूर्वी घातलेले वजन इंधनावर पडते. जिंकल्यावर घातलेले माणसावर.

भाच्याला म्हटले, "शिसे नको म्हणू नकोस. पुढच्या वर्षी आकडा पहिल्या शर्यतीआधी सांगा, त्याचे कारण लिहून द्या आणि मग वर्षभर त्याला हात लावू नका, एवढेच माग."

"आणि मामा, तो आकडा ऐंशी किलोंचा निघाला तर?"

"तर काय? डाव्या हाताने खेळ!"