युद्धकाळातील आयरिश सॉलिसिटर आणि न्यायव्यवस्था (१९१४–१९२४)

पहिले महायुद्ध, आयरिश स्वातंत्र्ययुद्ध आणि यादवी युद्ध या सलग दहा वर्षांत आयर्लंडमधील न्यायालयांची रचना, कामकाज आणि सॉलिसिटरांचा व्यवसाय यांत मोठे बदल झाले. आयर्लंडमध्ये पक्षकाराशी थेट संबंध ठेवणारा, कागदपत्रे तयार करणारा तो सॉलिसिटर आणि वरिष्ठ न्यायालयात युक्तिवाद करणारा तो बॅरिस्टर, अशी विभागणी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेमुळे मराठी वाचकांना ती अपरिचित नाही. या काळातील घडामोडी समजण्यासाठी हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण बॅरिस्टरचे कार्यक्षेत्र मुख्यतः डब्लिन, तर सॉलिसिटरचे कार्यालय तालुक्याच्या बाजारपेठेत, पक्षकाराच्या शेजारी होते.

महायुद्धाचे परिणाम

ऑगस्ट १९१४ मध्ये संमत झालेल्या न्यायालये (आणीबाणीचे अधिकार) कायद्याने कर्जवसुलीवर बंधन आले. निकाल हाती असूनही सावकाराला न्यायालयाच्या परवानगीवाचून जप्ती करता येईना, आणि ऋणको युद्धामुळे अडचणीत असल्यास न्यायालय मुदत देऊ शके. १९१५ च्या कायद्याने घरभाडे आणि गहाणावरील व्याज यांच्या वाढीस मर्यादा घातली. वसुलीचे दावे हे ग्रामीण सॉलिसिटरच्या उत्पन्नाचे एक नित्याचे साधन होते, हे लक्षात घेतल्यास या कायद्यांचा भार कोणावर पडला ते कळते. अनेक सॉलिसिटर आणि त्यांचे उमेदवार सैन्यातही गेले.

एप्रिल १९१६ च्या ईस्टर उठावात एडवर्ड डेली यांच्या तुकडीने लिफी नदीकाठचे ‘फोर कोर्ट्स’ हे मुख्य न्यायालय ताब्यात घेतले. सरकारने राज्यसंरक्षण कायद्याखालील ज्यूरीचा हक्क आयर्लंडपुरता स्थगित केला. नेत्यांवर बंद दाराआड लष्करी न्यायालयात खटले चालले; मृत्युदंड झालेल्यांच्या बाजूने वकील उभा नव्हता. अभियोजन चालवणारे विल्यम वायली मात्र स्वतः बॅरिस्टर आणि सैन्यातील अधिकारी होते. मे महिन्यात डब्लिनमध्ये चौदा आणि कॉर्कमध्ये एक, अशा पंधरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. गुप्त सुनावणीला जेराल्ड डॉइल या कैद्याने इंग्लंडच्या न्यायालयात आव्हान दिले. परंतु १९१७ मध्ये न्यायालयाने ती वैध ठरवली.

दोन न्यायव्यवस्था

२९ जून १९२० रोजी डॉइल एरन या स्वयंघोषित आयरिश संसदेने स्वतःची न्यायालये स्थापण्याचा ठराव केला. गृहमंत्री ऑस्टिन स्टॅक यांच्याकडे हे काम होते. पॅरिशच्या पातळीवर तीन न्यायाधीश, जिल्हा न्यायालयात पाच, आणि वर सर्वोच्च न्यायालय, अशी ही रचना होती. २१ जानेवारी १९१९ रोजी लागू असलेला कायदाच बहुतांशी पुढे चालू ठेवण्यात आला. प्राचीन ब्रेहन कायदा, रोमन संहिता आणि नेपोलियनची संहिता यांचे दाखले देण्यास मुभा होती, मात्र ब्रिटनमध्ये छापलेल्या कायद्याच्या पाठ्यपुस्तकांना मज्जाव होता. ही बंदी अर्थातच प्रतीकात्मक होती. सॉलिसिटरचे सारे शिक्षण त्याच पुस्तकांवर झाले होते.

बॅरिस्टरांच्या परिषदेने या न्यायालयांत उभे राहणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. सॉलिसिटरांना तसे अंतर राखणे परवडण्याजोगे नव्हते. गावातील पक्षकार ज्या न्यायालयात जाई, तेथे त्यांनाही जावे लागे. अनेकांची राष्ट्रीय चळवळीशी निष्ठा होतीच. इतरांच्या बाबतीत उपजीविकेची निकड हे कारण पुरेसे होते. मेयो परगण्यातील सॉलिसिटर कॉनर मॅग्वायर जमिनींच्या लवादांत अग्रेसर होते. पुढे १९४६ ते १९६१ या काळात ते आयर्लंडचे सरन्यायाधीश झाले.

ब्रिटिश न्यायालयांकडे ज्यूरी आणि पक्षकार फिरकेनात. ऑगस्ट १९२० च्या सुव्यवस्था पुनःस्थापना कायद्याने खटले लष्करी न्यायालयांकडे गेले. संशयास्पद मृत्यूंची कॉरोनरसमोरील चौकशीही लष्करी मंडळांकडे सोपवता येऊ लागली. दुसरीकडे डॉइलची न्यायालये छाप्यांच्या भीतीने लपूनछपून भरत.

नव्या राज्याची अडचण

जुलै १९२२ मध्ये, यादवी युद्ध पेटलेले असताना, न्यायाधीश डायरमुड क्राउली यांनी कैदेतील जॉर्ज प्लंकेट यांना मुक्त करण्याचा आदेश दिला. सरकारने ते सर्वोच्च न्यायालयच बरखास्त केले आणि पुढे क्राउली यांनाही अटक झाली. ज्या पक्षाने ही न्यायालये उभारली, त्याच पक्षातील सत्तारूढ गटाने ती मोडावीत, यातील विसंगती लपणारी नव्हती. प्रश्न मग हजारो निकालांचा होता: ज्याच्या हाती अशा न्यायालयाचा हुकूमनामा होता, त्याची जमीन त्याची राहिली काय? १९२३ च्या विशेष कायद्याने हुकूमनाम्यांची नोंदणी आणि प्रलंबित दाव्यांचा निवाडा यांची सोय केली. १९२४ च्या न्यायालय कायद्याने नवी उतरंड निश्चित केली. त्यातील जिल्हा न्यायाधीशपद सॉलिसिटरांनाही खुले होते. उत्तर आयर्लंडची न्यायव्यवस्था तोवर वेगळी झाली होती.

दस्तऐवजांचा नाश

३० जून १९२२ रोजी फोर कोर्ट्सच्या आवारातील सार्वजनिक अभिलेखागार स्फोट आणि आगीत नष्ट झाले. मूळ मृत्युपत्रे, न्यायालयीन नोंदी आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जनगणनेची बहुतेक कागदपत्रे त्यात गेली. न्यायालये प्रथम किंग्ज इन्समध्ये, नंतर १९२३ पासून डब्लिन कॅसलमध्ये भरू लागली. वारसा सिद्ध करण्याचा आधार आता बऱ्याच अंशी सॉलिसिटरांच्या कार्यालयांतील प्रतींवर आला. त्यांच्या कपाटांत पडून राहिलेली नक्कलपत्रे अभिलेखागाराने पुढे जमा केली. हेन्रिएटा स्ट्रीटवरील खरेदीखतांची नोंदणी कचेरी अन्यत्र असल्याने बचावली. जगभरातील संग्रहांत उरलेल्या प्रतींच्या आधारे नष्ट अभिलेखागाराची संगणकीय पुनर्रचना करण्याचा प्रकल्प ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जून २०२२ मध्ये जनतेसाठी खुला झाला.