मुलीची पाळी, आईची काळजी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की आपण पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि मगच फराळाला बसतो. दिवाळी अंकातले माझे हे सदर त्या कारिटासारखेच आहे. कथा-कवितांच्या आधी वाचक भगिनींनी ते जिभेला लावून घ्यावे, एवढीच विनंती!

वर्षभर या सदराकडे जी पत्रे येतात त्यांत एक पत्र हटकून असते. अक्षर निराळे, गाव निराळे, मजकूर मात्र तोच. 'मुलगी पंधरा वर्षांची आहे. पाळी दोन-दोन महिने येत नाही. तोंडावर मुरमे, हनुवटीवर केस. सोनोग्राफीत पीसीओडी निघाले. आता हिचे कसे व्हायचे?' या शेवटच्या प्रश्नात लग्न, मूलबाळ, लोक काय म्हणतील, सारे काही आलेले असते. खुद्द मुलीला कशाचा त्रास होतो आहे, हे मात्र पत्रात क्वचितच असते.

आधी पाळीचे गणित पाहू. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी बीजकोशांना हुकूम सोडते आणि बीजकोश आपल्या हार्मोन्सच्या रूपाने तिला उलट निरोप धाडतात. नव्या बिऱ्हाडात घडी बसायला वेळ लागतो, तसाच या निरोपांनाही लागतो. म्हणून पहिल्या वर्षी पाळी मागेपुढे होणे हे नैसर्गिकच समजावे. त्यानंतर तिसरे वर्ष पुरे होईपर्यंत २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने आली तरी चालते. पुढे मात्र ती २१ ते ३५ दिवसांत यावी. पहिले वर्ष उलटल्यावर एकदा जरी नव्वद दिवसांहून अधिक खंड पडला, किंवा पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जाण्यात चालढकल करू नये.

आता त्या पीसीओडीविषयी. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या बीजकोशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा विकार वैद्यकात नावारूपाला आला. त्यातल्या 'सिस्ट' म्हणजे काही गाठी नव्हेत. अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या त्या पिशव्या असतात. आणि गंमत अशी, की वयात येणाऱ्या निरोगी मुलीच्या बीजकोशांतही अशा पुष्कळ पिशव्या सहज दिसतात! म्हणूनच २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने स्पष्ट सांगितले आहे, की पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षे होईपर्यंत या विकाराचे निदान सोनोग्राफीवरून करू नये. पाळीची अनियमितता आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण, म्हणजे अंगावर राठ केस, हट्टी मुरमे किंवा रक्ततपासणीतला आकडा, या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. एकच असेल तर मुलीवर शिक्का न मारता तिच्यावर लक्ष ठेवायचे आणि मोठेपणी पुन्हा तपासायचे. पंधराव्या वर्षी नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावरून घाबरणे म्हणजे सहामाहीच्या गुणांवरून मॅट्रिकचा निकाल लावण्यासारखे आहे.

दुसरी कारणे मात्र शोधलीच पाहिजेत. थायरॉईड मंद असली तरी पाळी बिघडते, आणि त्यावरचा उपाय साधा आहे. थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि हिच्यात चार तासांचे अंतर हवे. आकडा किंचितच वाढलेला असेल तर घाईने गोळी सुरू करण्यापेक्षा काही आठवड्यांनी पुन्हा तपासणे बरे. डॉक्टर प्रोलॅक्टिन तपासतील, कधी गर्भधारणेचीही तपासणी सांगतील. ती रीत म्हणून सांगितलेली असते. त्यावरून मुलीकडे संशयाने पाहू नका!

उटण्याच्या या दिवसांत एक गोष्ट मुद्दाम सांगते. कित्येक आया मुलीच्या मानेवरचा काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा मळ समजून घासून घासून काढू पाहतात. डाळीचे पीठ झाले, लिंबू झाले, मुलगी रडकुंडीला येते. अहो, तो मळ नव्हे! शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून रक्तात इन्सुलिन वाढते आणि त्याची खूण मानेवर, काखेत उमटते. हेच वाढलेले इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी हार्मोन अधिक बनवायला लावते. घरात मधुमेह असेल तर या खुणेकडे अधिकच लक्ष द्यावे. तिथे उटणे नको, साखरेची तपासणी हवी.

उपचारांत पहिला मान राहणीचा. वजन जास्त असेल तर ते थोडेसे उतरले तरी पाळी सुधारू शकते. रोज तासभर घाम येईल असे खेळणे, सायकल, पोहणे, काहीही चालेल. पण मुलीच्या ताटातली पुरी काढायची आणि शेजारच्या पाटावर भावाला चौथा लाडू आग्रहाने वाढायचा, हा उपचार नव्हे, छळ आहे. जेवण बदलायचे तर सगळ्या घराचे बदला. आणि उपासमार तर मुळीच नको. खाणे फार तोडले तर त्यानेही पाळी बंद पडते. शिवाय हा विकार सडपातळ मुलींनाही होतो. त्यांना 'बारीक हो' सांगून काय मिळणार?

यापुढची औषधे मुलीला काय सलते त्यावर ठरतात. महिनोन्‌महिने पाळी येत नसेल तर गर्भाशयाचे अस्तर साचत राहते. तेव्हा प्रोजेस्टोजेनच्या गोळ्या काही दिवस देऊन ठरावीक काळाने पाळी आणतात. मुरमे आणि केसही असतील तर दोन हार्मोन्सची एकत्र गोळी अधिक उपयोगी, कारण ती पाळीही नियमित आणते आणि पुरुषी हार्मोनचा जोरही कमी करते. इथे आया दचकतात. 'डॉक्टरीणबाई, संततिनियमनाची गोळी माझ्या कुमारिकेला?' त्यांना मी सांगते, अमेरिकेत १९५७ साली अशा पहिल्या गोळीला परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठीच. संततिनियमनासाठी परवानगी नंतर, १९६० साली मिळाली. ही गोळी घेतल्याने पुढे मूल होत नाही, ही समजूत खरी नाही. मात्र मूळ प्रवृत्ती तिने जात नाही, गोळी थांबवली की तक्रारी परतू शकतात. डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी, वाढलेला रक्तदाब किंवा घरात कुणाला रक्ताची गाठ झाल्याचा इतिहास असेल तर तो आधी सांगावा, आणि शेजारणीच्या मुलीची चिठ्ठी दाखवून गोळी आणू नये.

मेटफॉर्मिन हे मुळात मधुमेहाचे औषध. योगायोगाने तेही १९५७ सालीच फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी पुढे आणले. इन्सुलिनचा प्रश्न असेल तिथे ते कामी येते. सुरुवातीला पोट बिघडवते, म्हणून थोड्या प्रमाणात, जेवणाबरोबर सुरू करतात. केसांच्या बाबतीत धीर लागतो. गोळ्यांचा गुण दिसायला सहा महिने तरी जातात. तोवर थ्रेडिंग किंवा लेझर करावेसे वाटले तर मुलीला खुशाल करू द्यावे. हनुवटीचे केस लपवण्यासाठी ओढणी गुंडाळून वर्गात बसणाऱ्या मुलीला 'हे थेर कशाला' म्हणणारे लोक मला समजत नाहीत.

एक मात्र विसरू नका. अतिरक्तस्राव होत असेल तर सगळे हार्मोन्सवर ढकलून मोकळे होऊ नये. फिनलंडच्या ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातला रक्त न गोठण्याचा विकार फॉन विलेब्रांड या डॉक्टरने १९२६ साली वर्णिला. त्या घरातली एक मुलगी तेराव्या वर्षी, अवघ्या चौथ्या पाळीत दगावली. आज त्यावर औषधे आहेत. पहिल्या पाळीपासूनच तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, मुलगी पांढरीफटक पडत असेल, तर रक्त तपासून घ्यावे.

आणि 'हिचे कसे व्हायचे'? लग्न हे या विकारावरचे औषध नाही, आणि हा विकार लग्नाला अडसरही नाही. पीसीओडी असलेल्या अनेकींना आपसूक मूल होते. अडले तर बीज पक्व करणारी औषधे उपलब्ध आहेत. ती चिंता पंधराव्या वर्षी मुलीसमोर मावशी-काकूंच्या बैठकीत बोलून दाखवण्याचे कारण नाही.

डॉक्टरांकडे जाताना पाळीच्या मागच्या सहा महिन्यांच्या तारखा घेऊन जा. ज्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडता त्याच्यावर एक टिंब पुरते. भिंतीवर नको वाटत असेल तर मुलीच्या वहीत. पाळी किती दिवस टिकली, कोणती औषधे चालू आहेत, घरात कुणाला मधुमेह वा थायरॉईड आहे, तेही टिपून ठेवा. आणि तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी 'आई, तुम्ही पाच मिनिटे बाहेर बसता का?' असे विचारले, तर बिनतक्रार बाहेर बसा.