बुद्ध हा यादीतला नववा अवतार नाही!

मुंबईच्या 'डेमॉनिक रिसरेक्शन' या मेटल बँडने 2017 साली 'दशावतार' नावाचा अल्बम काढला. दहा अवतार, दहा गाणी. मत्स्यापासून सुरुवात, कल्कीवर शेवट. आणि नववे गाणे कुणाचे? बुद्धाचे! गिटार आली, डबल बास ड्रम आले, गर्जना आली. यादी मात्र पुराणातलीच राहिली.

"संगीतच आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?" असे आपलेच काही तरुण म्हणतात. त्यांना आमचा साधा प्रश्न आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांपैकी पाचवी कोणती? बुद्धाला विष्णूचा अवतार मानायचे नाही, हीच ना? ज्याने वेदप्रामाण्य नाकारले, यज्ञातली हिंसा नाकारली, जन्मावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवणे नाकारले, त्याला वादात हरवता येईना, तेव्हा अवतार करून पोटात घेतले. ही जुनीच चाल आहे. बँडचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण हेतू नसतानाही ही यादी आपोआप हाती येते, यालाच तर सांस्कृतिक वर्चस्व म्हणतात!

हीच यादी जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त उलटी करून वाचली. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम हे त्यांनी देव मानले नाहीत; बाहेरून आलेल्या आक्रमकांचे सरदार मानले. बळीराजा त्यांचा नायक आणि वामन कपटी. चिरंजीव म्हणवणाऱ्या परशुरामाला तर हजर होण्याची जाहीर नोटीसच काढली! दीडशे वर्षांपूर्वी हे झाले. मग आमच्या पिढीने वामनाच्या बाजूने डोके का हलवायचे?

कुणी म्हणेल, पाश्चात्त्य बँडही पुराणकथा गातात. खरे आहे. जर्मनीच्या 'ब्लाइंड गार्डियन'ने 1998 साली टॉल्किनच्या 'सिल्मरिलियन'वर अख्खा अल्बम केला. पण एल्फ आणि ऑर्कच्या गोष्टीवरून तिथे कुणाला पाणवठ्यावर अडवत नाहीत. इथे पुराण मेलेले नाही. कोण पायाखाली आणि कोण डोक्यावर, हे ते आजही ठरवते.

आम्ही हे ब्राह्मणपुरीतून लिहितो आहोत. शहादा तालुक्यातले हे गाव; नाव वाचूनच काय ते समजा! वर सातपुड्यात भिल्ल-पावरांची याहा मोगी आहे, राजा पांठा आहे, काठीच्या होळीत रात्रभर घुमणारा ढोल आहे. या कथा दहाच्या यादीत कुठे आहेत? त्या आम्हीही हिसकावून घेऊ नयेत. त्यांच्या पोरांनी, त्यांच्या भाषेत गाव्यात.

मेटल सोडा, असे आम्ही म्हणत नाही. 'ब्लॅक सॅबथ' हा बर्मिंगहॅमच्या कामगार वस्तीतला बँड. त्याच्या गिटारवादक टोनी आयोमीच्या बोटांची टोके कारखान्यातल्या यंत्राखाली गेली होती. हे संगीत घाम गाळणाऱ्यांच्या पोरांचे आहे. म्हणजे आपलेही आहे. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने गाना, रॅप आणि रॉक एकत्र करून जातीवर थेट बोट ठेवले. आणि आपल्याकडे? आंबेडकरी जलशांचा वारसा असलेला महाराष्ट्र अजून कुणाची वाट पाहतो आहे?

विषयांची कमी नाही. बळी आहे, शंबूक आहे, एकलव्याचा अंगठा आहे, 1927 चे चवदार तळे आहे. एकेकावर अख्खा अल्बम होईल. आणि बुद्धावर करायचा असेल तर जरूर करा. पण त्यात तो माणूस असू द्या: घर सोडणारा, प्रश्न विचारणारा, न्हाव्याच्या उपालीला राजपुत्रांआधी संघात घेणारा!

गिटार उचला. यादी मात्र आपली आपण लिहा.

नमो बुद्धाय! जयभीम!