सानुग्रह नको, हिशेब द्या

दोस्तांनो, एका शब्दाची मला चीड आहे. सानुग्रह. पोलिसांच्या गोळीनं माणूस मरतो आणि सरकार त्याच्या घरच्यांना 'सानुग्रह' मदत जाहीर करतं. अनुग्रह म्हणजे मेहेरबानी. मारणाराच देव, आणि आम्ही प्रसादाला ओंजळ पसरून उभे!

मी गोदीत ओझी उचलतो. कामावर बोट तुटलं तर आम्ही भरपाई मागतो, भीक नाही. १९२३ च्या कायद्यानं गेलेल्या अंगठ्याचेही टक्के ठरवले होते: ३०. मग बंदुकीनं गेलेल्या अख्ख्या माणसाचा हक्क कुठं गेला?

१६ डिसेंबर २००५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं ६०/१४७ क्रमांकाचा ठराव केला. राज्याच्या हातून मानवी हक्कांची घोर पायमल्ली झाली, तर भरून देणं हे राज्याचं कर्तव्य आणि बळी पडलेल्यांचा हक्क. त्याचे पाच भाग: हिरावलेलं परत करणं, पैशाची भरपाई, उपचार आणि पुनर्वसन, सत्य उघड करणं, जाहीर माफी, दोषींवर कारवाई, आणि पुन्हा असं घडणार नाही याची हमी. चेक हा पाचांतला एक. बाकीचे चार कुणी गिळले?

घाटकोपरचं रमाबाई नगर घ्या. ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. १० माणसं मेली. सांगितलं काय, तर म्हणे जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगानं ते मानलं नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. हुकूम देणाऱ्या फौजदाराला जन्मठेप झाली ती २००९ साली, बारा वर्षांनी. मग उच्च न्यायालयात शिक्षेला स्थगिती आणि जामीन. शाहीर विलास घोगरे यांनी त्याच आठवड्यात स्वतःचा जीव संपवला. सरकारी आकडा १० च राहिला. पण त्या ठरावाप्रमाणं मनावर घाव सोसणाराही बळीच असतो. आमच्या हिशेबात शाहीर अकरावे.

ठराव म्हणजे कायदा नाही, हे मला कळतं. नुसता कागद फडकावून कोर्टाचं दार उघडत नाही. भारतानं तर १९७९ साली नागरी आणि राजकीय हक्कांचा करार स्वीकारतानाच लिहून ठेवलं, की बेकायदा अटकेबद्दल राज्याकडून भरपाई वसूल करण्याचा हक्क आमच्या कायद्यात नाही. पण १९९३ साली ओरिसातली एक आई कोठडीत मेलेल्या पोरासाठी लढली. सर्वोच्च न्यायालयानं दीड लाख द्यायला लावले आणि सांगितलं, मूलभूत हक्क तुडवल्यावर राज्याला सार्वभौमत्वाच्या आड लपता येणार नाही. दार असं उघडतं, धक्का मारून.

म्हणून सांगतो, पुढच्या मोर्चाच्या निवेदनातून 'मदत' हा शब्द खोडा. पाचही मागण्या क्रमानं लिहा. साहेब चेक दाखवतील. घ्या, तो आपलाच आहे. पण पावतीवर लिहा: चार बाकी.

जय भीम.