जत्रा गावाची, नाव कंपनीचं

डब्लिन म्हटलं की आयर्लंड आठवतं. इथे सांगायचंय ते टेक्सासमधल्या डब्लिनबद्दल. फोर्ट वर्थच्या नैर्ऋत्येला, इरॅथ काउंटीत, दुभत्या जनावरांच्या मुलखातलं हे साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. यात्रेच्या कमानीवर ज्यांच्याकडे दरवर्षी नव्या प्रायोजकाचं नाव झळकतं, त्या आपल्या गावकऱ्यांनी त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. माझं म्हणणं असं की, गावाची करमणूक ज्या नावावर उभी राहते ते नाव गावाचं असावं. ते परक्याचं घ्यायचं असेल तर तो निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांसमोर व्हावा.

१. आधी काय घडलं ते. ‘डॉ. पेपर’ हे अमेरिकेतलं जुनं शीतपेय. १८८५ साली वेको शहरातल्या एका औषधाच्या दुकानात ते जन्मलं आणि १८९१ पासून डब्लिनमधल्या सॅम ह्यूस्टन प्रिम यांच्या कारखान्यात बाटल्यांत भरलं जाऊ लागलं. पुढे सत्तरच्या दशकात साखर महागली, तसे अमेरिकेतले शीतपेयवाले मक्याच्या पाकाकडे वळले. डब्लिनच्या कारखान्याचा कारभार तेव्हा बिल क्लोस्टर पाहत होते. त्यांनी उसाची साखर सोडली नाही. त्यामुळे ‘डब्लिनचं डॉ. पेपर’ अशी वेगळी ख्याती झाली आणि लांबून लोक गाडी काढून खोकी घ्यायला येऊ लागले. दर जूनमध्ये गावात ‘डॉ. पेपर डेज’ भरू लागले, आणि तेवढ्या दिवसांपुरतं गावाचं नावच समारंभपूर्वक ‘डॉ. पेपर, टेक्सास’ होई. जून २०११ मध्ये मूळ कंपनीने कारखान्यावर दावा ठोकला. नेमून दिलेल्या टापूबाहेर विक्री होते आणि बाटलीवर ‘डब्लिन’ हे नाव घातलं जातं, अशा तक्रारी होत्या. जानेवारी २०१२ मध्ये तडजोड झाली आणि एकशेवीस वर्षांनी डब्लिनमध्ये डॉ. पेपर भरणं थांबलं. बाटलीबरोबर जत्रेचं नावही गेलं.

२. कंपनीला शिव्या घालून भागत नाही. विक्रीचा टापू करारात आखलेला होता, पेयाचं नाव कंपनीच्या मालकीचं होतं. कायद्याच्या चौकटीत ती आपल्या हक्कासाठी भांडली. चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. गावाने आपलं शंभर वर्षांचं नाव त्या बाटलीवर खर्ची घातलं, आणि करार मात्र कारखाना व कंपनी या दोन खासगी पक्षांमधला. टेक्सासात १९६७ पासून खुल्या सभांचा कायदा आहे. नगर परिषदेला विषयपत्रिका आधी जाहीरपणे लावावी लागते आणि दार उघडं ठेवून बसावं लागतं. पण जो करार परिषदेपुढे येतच नाही, त्याला हा कायदा काय करणार?

३. याच गावाची आधीची करमणूकही अशीच गेली होती. एव्हरेट कोलबर्न हे रोडिओचे, म्हणजे उधळत्या घोडे-बैलांवरच्या स्वारीच्या खेळांचे, मोठे ठेकेदार. त्यांचं पशुपालन केंद्र डब्लिनजवळ होतं, आणि चित्रपटांतले गाणारे काउबॉय जीन ऑट्री त्यांचे भागीदार. १९४० च्या दशकात इथले घोडे-बैल आगगाडीने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला जात आणि त्याआधी गावात रोडिओ रंगे. ठेकेदारी सरली, तसा गावातला तो खेळही संपला. आज त्याचं संग्रहालय आहे. (बैलगाडा शर्यतवाल्यांना यात रस वाटेल. आपल्याकडे २०१४ ची बंदी उठवायला २०२३ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात लढावं लागलं. पण शर्यत कुणा एका ठेकेदाराची नव्हती, म्हणून लढायला गावंच्या गावं उभी राहिली.)

४. पैशाचा मुद्दा. टेक्सासात राज्याचा विक्रीकर सव्वासहा टक्के, आणि त्यावर स्थानिक संस्थांना मिळून दोन टक्क्यांपर्यंत कर बसवता येतो. म्हणजे पाहुण्याने गावात घेतलेल्या प्रत्येक बाटलीतून गावच्या तिजोरीत काही पडतं. आपल्या ग्रामपंचायतीला विक्रीत असा थेट वाटा नाही. तिच्या हाती घरपट्टी, पाणीपट्टी, आठवडे बाजाराची फी. मात्र महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये जत्रा, उत्सव आणि करमणुकीच्या कार्यक्रमांवर कर बसवण्याचा अधिकार आहे. तो वापरणाऱ्या ग्रामपंचायती माझ्या पाहण्यात फार नाहीत. मग होतं काय? मंदिरासमोरची मोक्याची जागा बाहेरच्या बड्या दुकानदाराला, गावचा भेळवाला आणि बांगडीवाला गटाराच्या कडेला, आणि शीतपेयाची कंपनी चार छत्र्या नि एक कमान देऊन सगळ्या यात्रेवर आपला रंग फासते. गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे यात्रेकरी तमाशाच्या सुपाऱ्या द्यायला नारायणगावच्या राहुट्यांवर जातात. तिथे फडमालकाशी घासाघीस करणारा गडी कमानीच्या करारावर न वाचता सही करतो, हे मला कधीच उमगलेलं नाही.

५. ग्रामसभेबद्दल बोलायलाच हवं. गणपूर्ती किती? गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तीही भरत नाही. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे सात-आठ डोकी ठराव करून मोकळी होतात. त्याच गावात यात्रेच्या वर्गणीसाठी घरटी माणूस हजर असतो. यात्रा समिती ग्रामपंचायतीच्या बाहेर, म्हणून तिचा हिशेब ग्रामसभेत विचारायचा नाही, असा एक समज आहे. विचारू नये असं कुठे लिहिलंय? वर्गणी गावाची, मैदान गावाचं, कचराही गावानेच उचलायचा.

६. नाव सामूहिक ठेवता येतं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आहेत. हे नाव कुणा एकाला विकता येत नाही. म्हणूनच २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीने तशाच चपला दाखवल्या, तेव्हा इथल्या कारागिरांना हक्काने आवाज उठवता आला आणि कंपनीला त्या चपलांचं मूळ मान्य करावं लागलं. डब्लिननेही उशिरा का होईना, हेच केलं. कारखाना आता ‘डब्लिन बॉटलिंग वर्क्स’ या नावाने स्वतःची पेयं उसाच्याच साखरेत बनवतो. लहानपणी इथे वाढलेले गोल्फपटू बेन होगन यांचं संग्रहालय २०१२ मध्येच उघडलं. मार्चमध्ये सेंट पॅट्रिकचा उत्सव भरतो, आणि त्या संताच्या नावावर कुणी दावा ठोकू शकत नाही.

७. तेव्हा यात्रेचा हंगाम येण्याआधी, २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तीन गोष्टी घ्यायला लावा: प्रायोजकाच्या कराराचं जाहीर वाचन, स्थानिक दुकानदारांसाठी राखीव जागा आणि कलम १२४ खालचा कर. हिशेब १ मेच्या ग्रामसभेत मागा. आणि सभेला शंभर जण या.