लोकर कुणाची, विचारलं का?



ओहायोला लेकीकडे राहून आले तेव्हा बॅगेत अल्पाकाच्या लोकरीची एक शाल होती. नणंदबाईंनी हातसुद्धा लावला नाही. "जनावराच्या अंगावरची ना ही? आणि तू बारा व्रतं घेतलेली!" त्या दिवशी मी गप्प बसले. उत्तर आज लिहिते.

ही शाल मी मॉलमधून आणलेली नाही. लेकीच्या घरापासून पाऊण तासावर खेड्यात एक जोडपं वीसेक अल्पाका पाळतं. उंटाच्या कुळातला हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. लांब मान, मोठे डोळे. वर्षातून एकदाच, वसंतात, ऊन तापायच्या आत त्यांची लोकर कातरतात. त्या दिवशी हात कमी पडतात म्हणून लेक मदतीला जाते, या मे महिन्यात मीही गेले.

खरं सांगते, बघवत नाही. जनावराला चटईवर आडवं करून पुढचे-मागचे पाय दोरांनी ताणतात, एकजण डोकं धरून बसतो. काही ओरडतात, एक तर कातरणाऱ्यावर हिरवंगार थुंकली. माझ्याकडे पिशव्या धरायचं काम होतं, पाठीची मऊ लोकर एकीत, मान आणि पायांची दुसरीत. मनात नवकार चालू. एकीच्या पोटाला जरासं कापलं, रक्ताचा थेंब आला, मालकिणीने लगेच औषध लावलं. त्याच वेळात नखंही कापून होतात. सात-आठ मिनिटांत दोर सुटले, की ती उठते आणि धुळीत मनसोक्त लोळते. पण लोकर अंगावर तशीच ठेवली तर तिथल्या उन्हाळ्याने जीव जाऊ शकतो. म्हणजे न कातरणं ही दया नव्हे.

दुपारी कुरणात एक व्याली. साडेअकरा महिन्यांचं गर्भारपण, आणि बहुतेक वेळा दिवसाउजेडीच वितात. पिल्लाला तिकडे 'क्रिआ' म्हणतात, मला आपली प्रतिक्रमणातली क्रियाच आठवली! आई गाईसारखी चाटत नाही, नाक लावून नुसती गुणगुणते. तासाभरात पिल्लू लटपटत उभं राहिलं. सगळ्यांनी काम थांबवून पाहिलं.

मी अडले ती वेगळ्याच ठिकाणी. त्या भागातल्या हरणांच्या मेंदूच्या आवरणात राहणारा एक कृमी गोगलगाईंच्या वाटे गवतावर येतो. तो अल्पाकाच्या मज्जारज्जूत शिरला, की मागचे पाय लुळे पडतात. म्हणून दर महिन्याला इंजेक्शन. ते कृमी मारायचंच इंजेक्शन आहे, शब्द फिरवून उपयोग नाही. पंचेंद्रिय जीव वाचवायचा तर हे टळत नाही असं मी म्हणते, पण म्हणताना जीभ अडखळते.

मालकिणीला मी सरळ विचारलं, म्हातारी झाल्यावर यांचं काय करता? तिने झाडाखाली बसलेले दोन म्हातारे नर दाखवले. नरांना खच्ची करून लोकरीसाठीच ठेवतात, विकत नाहीत. लोकरीच्या पैशांत चारासुद्धा निघत नाही, नवऱ्याच्या नोकरीवर कळप चालतो. सगळीकडे असं नसतं, पेरूमध्ये अल्पाकाचं मांसही खातात. म्हणून लोकर दिसली की निर्दोष, असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात मेरिनो कोकरांच्या शेपटीखालची कातडी कापतात, तेही लोकरीच्याच धंद्यात.

माझं म्हणणं एवढंच, की जनावराच्या अंगावरचं आहे का हा प्रश्न अपुरा आहे. घेतल्यानंतर ते जनावर जगलं का, आणि कसं, हे विचारायला हवं. तसं विचारलं तर आपली पैठणी आधी अडचणीत येते. रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोषातला जीव जिवंतपणी उकळत्या पाण्यात किंवा वाफेत मारतात. महाराजसाहेब व्याख्यानात किती वेळा रेशीम सोडायला सांगतात, आणि आपण रेशीम नेसूनच पहिल्या ओळीत बसलेलो असतो. नणंदबाईंना टोमणा नाही हा. माझ्या कपाटातही चार पैठण्या आहेत, एक लग्नातली. नवीन घ्यायची नाही असे पच्चक्खाण मी घेतले, पण लग्नातली देऊन टाकायला मन अजून होत नाही.

आणि आपलं कटासणं? सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटं आपण लोकरीवरच बसतो ना. माझं जुनं विरलं म्हणून परवा नवीन घ्यायला गेले. दुकानदाराला विचारलं, ही लोकर कुठल्या मेंढीची, ती मेंढी पुढे कुठे गेली? तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "ताई, माल पानिपतचा आहे. मेंढीचं मला कसं ठाऊक असणार?"

न घेता परत आले. सध्या जुन्यालाच ठिगळ लावलंय.